टाळ्या न वाजवण्याचा ठराव

आमच्या मंडळात सगळं एकमताने ठरतं. ऐकायला छान वाटतं, नाही? मलाही वाटायचं. पण एकमत म्हणजे काय, तर झाडून सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडायची नाही. उन्हाळ्यातली एक अख्खी बैठक आम्ही घामाने निथळत, खिडकी उघडावी की नाही, या चर्चेत घालवली आहे. उघडायचं ठरेपर्यंत बाहेर अंधार पडून गार वारा सुटला होता. मग ती बंद करायचा ठराव आणावा लागला आणि त्यावरही एकाने हरकत घेतली.

तो एक म्हणजे शंकासुर. खरं नाव कॉलेजच्या हजेरीत असेल कुठेतरी, पण सरसुद्धा त्याला शंकासुरच म्हणतात. उंच, हाडकुळा, कायम भुकेला, आणि 'पण कशावरून?' हे दोन शब्द तोंडात घेऊनच जन्माला आलेला. त्याच्याशी दोन मिनिटं बोललं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. 'आज मंगळवार आहे' एवढं साधं बोलायचीसुद्धा सोय नाही.

बाकी अध्यक्ष आहेत. ते आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, म्हणून त्यांना अहोजाहो. प्रत्येक वाक्य 'म्हणजे असं पाहा' असं सुरू करतात आणि मग कुणालाच काही दिसत नाही. रंगारी आहे. तो चित्रं काढतो आणि त्याच हातांनी बिस्किटं खातो, त्यामुळे आमच्याकडच्या बिस्किटांना नेहमी थोडी टर्पेंटाइनची चव असते. आणखी वीसेक जण आहेत, ते अध्यक्षांनी हात वर केला की हात वर करतात. आणि मी चिटणीस. म्हणजे बाकीचे विचार करतात आणि मी खुर्च्या लावते.

वर्षातून एकदा आमचा दिवस असतो. सकाळी तत्त्वज्ञान, दुपारी चित्रकला, संध्याकाळी शास्त्रीय संगीत. कॉलेजच्या जुन्या वाचनालयाचा हॉल मिळतो, आईबाप, शेजारीपाजारी येतात, आणि संध्याकाळी कुणीतरी वादक बोलावलेला असतो. गेल्या वर्षी एक बासरीवाले आले होते. ते वाजवत असताना अध्यक्षांनी शेजारी उभं राहून त्याचा अर्थ सांगितला. बासरीवाले पुन्हा आमच्या गल्लीतूनसुद्धा गेलेले नाहीत.

या वर्षी मी माझ्या मावशीचं नाव सुचवलं.

कॉलेजसाठी मी मावशीकडेच राहते. तिच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी: ती, मी आणि तिचा चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिन. चेलोला खिडकीजवळची जागा आहे, मला नाही. ती न्हाणीघरात बसून रियाज करते, कारण तिथे आवाज घुमतो, आणि मी बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून दार वाजवत असते. तिने सगळं आयुष्य शहराच्या मोठ्या वाद्यवृंदात काढलं. मागच्या रांगेत, अगदी टोकाला, ढोलांच्या पुढ्यात. "ढोल सुरू झाले की मी वाजवतेय की नुसता गज फिरवतेय हे माझं मलाच कळायचं नाही," ती म्हणायची. आम्ही दोघी त्यावर खूप हसायचो.

यंदा वाद्यवृंदाने ती मागची रांगच काढून टाकली. तेव्हा मात्र आम्ही हसलो नाही.

मामा लगेच आला. मामाचं दिव्यांचं दुकान आहे, झुंबरं, टेबललॅम्प, असं सगळं. "ताई, गल्ल्यावर बस माझ्याकडे," तो म्हणाला. "उजेडात राहशील, चार माणसं भेटतील. ते खोकं आता कुणाला तरी देऊन टाक." खोकं म्हणजे चेलो. मामा मनाने वाईट नाही, पण त्याला सगळ्या वस्तू दोनच प्रकारच्या दिसतात: लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या. मावशीने ऐकून घेतलं आणि कुणातरी ओळखीच्या बाईंच्या मुलीला निरोप दिला. ती मुलगी विकत घ्यायच्या बेताने चेलो बघायला येणार होती. बरोबर आमच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी.

"तू तिला हो म्हणणार?" मी विचारलं.

मावशी चहा गाळत होती. "आधी तुमच्यात वाजवते," ती म्हणाली. "एकटीने वाजवायची ही पहिलीच वेळ, ठमे. मग टाळी ऐकते. टाळीवरून ठरवते."

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ यावर आहे. मावशीला टाळ्या कळतात. एवढी वर्षं मागे बसून तिने दुसरं ऐकलं तरी काय? ती म्हणते, एक जागं झाल्याची टाळी असते, दचकून वाजलेली, गरजेपेक्षा जोरात. एक घरी जायची, तिच्यात पिशव्या आवरल्याचा आवाज मिसळलेला असतो. एक नातेवाइकांची, ती सगळ्यांच्या आधी सुरू होते आणि सगळ्यांच्या नंतर संपते. एक दयेची, मऊ, बोटांनी वाजवलेली. आणि एक खरी. खरी टाळी जरा उशिरा येते. माणूस हात मांडीवर विसरलेला असतो, तो उचलायला वेळ लागतो.

"खरी आली तर ती मुलगी आल्या पावली परत जाईल," मावशी म्हणाली. "नाही आली तर मामाकडे झुंबरं पुसेन. त्यात काय एवढं." आणि तिने माझ्या कपात दोनदा साखर घातली. एरवी तिच्या हातून असं कधी होत नाही.

त्या दिवशी सकाळी मी हॉलवर पोचले तर तिथल्या सगळ्या खुर्च्यांना हात. हाताच्या खुर्चीत बसून चेलो वाजवता येत नाही, कोपर आपटतं. म्हणून तत्त्वज्ञानाचं सत्र सुरू झालं तेव्हा मी बिनहाताची खुर्ची शोधत सगळी इमारत पालथी घालत होते. शेवटी तळघरातल्या प्रयोगशाळेत एक मिळाली. तिच्यावर एक हाडांचा सापळा बसवलेला होता. त्याला मी अदबीने टेबलावर निजवलं आणि खुर्ची डोक्यावर घेऊन तीन जिने चढून वर आले. हॉलमध्ये सगळे अगदी तृप्त चेहऱ्याने बसले होते. आमचं मंडळ तृप्त दिसलं की माझ्या पायाखालची जमीन सरकते.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"म्हणजे असं पाहा," अध्यक्ष म्हणाले, "टाळी ही विचाराची जागा घेते. माणसाला काय वाटलं हे त्याला कळायच्या आत त्याचे हात वाजतात. तेव्हा आज संध्याकाळी कुणीही टाळ्या वाजवणार नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने पूर्ण विचार करून, उभं राहून, शब्दांत सांगावं. ठराव एकमताने मंजूर."

"एकमताने कसा? मी कुठे होते?"

"तू गैरहजर होतीस. गैरहजराचं हो धरतात. हा नियम तूच लिहून घेतला आहेस."

घेतला होता. बैठकीला कुणी येत नाही म्हणून कंटाळून मीच तो करायला लावला होता. मी डोक्यावरची खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले.

"आणि ही कल्पना कुणाची?"

शंकासुराने हात वर केला. त्याचं सकाळचं भाषण यावरच झालं होतं म्हणे. त्याचं म्हणणं असं, की संगीताने माणसाला काहीही होत नाही. घोड्याच्या शेपटीचे केस तारेवर घासले, आवाज झाला, संपलं. होतं ते भुकेने. मैफली नेहमी जेवणाच्या आधी ठेवतात. पोट रिकामं असतं, आत कालवाकालव होते, आणि लोक म्हणतात सूर काळजाला भिडले. "जेवून आलेला माणूस कधी रडताना पाहिलायस?" त्याने मला विचारलं.

"आत्ता तुलाच रडवते," मी म्हणाले, पण त्याने काही खाल्लेलं नव्हतं.

मावशीला गाठून सगळं सांगावं, हे सगळ्यात सोपं होतं. पण मावशीची एक रीत आहे. वाजवायचं असलं की सकाळपासूनच ती कानात कापूस घालते, चष्मा काढून डबीत ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. कुणाशी बोलत नाही, कुणाचं ऐकत नाही, मध्ये मध्ये काकडी खाते. कापूस काढायचा तो थेट खुर्चीवर बसल्यावर. डोळे नाही, कान नाही, अशा माणसाला ठराव समजावायचा तरी कसा? मी मागच्या खोलीत जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. तिने न बघता माझ्या हातात काकडीचा तुकडा ठेवला आणि थोपटून मला बाहेर पाठवलं.

म्हणजे ठरावच मोडायला हवा होता. आणि ठराव मोडायचा तर पुन्हा एकमत.

दुपारी चित्रांचं प्रदर्शन होतं. तिथेही यांनी अक्कल पाजळून ठेवलेली होतीच. न बघितलेलं चित्र चित्र असतं का, अशी शंका निघाली होती, कुणाची ते सांगायला नको, आणि म्हणून सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून टांगली होती. बघणाऱ्याने आधी मागून कल्पना करायची. लोक बिचारे हात मागे बांधून कॅनव्हासच्या पाठी बघत फिरत होते. माझा मामा एका पाठीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हे चांगलंय. साधं आहे. खिळे नीट मारलेत." एक बाई दुसऱ्या बाईंना सांगत होत्या की त्यांना यात एकटेपणा दिसतो. दिसत होता तो फ्रेमवाल्याच्या दुकानाचा शिक्का.

फक्त एक चित्र सरळ लावलेलं होतं, तेही बरोबर हॉलच्या दारावर. रंगाऱ्याने ठरावाची पाटी रंगवली होती. दोन भलेमोठे लाल तळवे, त्यांच्यावर फुली, आणि खाली, 'टाळ्या वाजवू नयेत. आनंद आत ठेवावा.' बघायला एवढं एकच असल्यामुळे सगळी गर्दी तिच्यापुढे. पाटी सगळ्यांना पाठ झाली होती.

मी रंगाऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "ती पाटी काढ."

"का? आयुष्यात पहिल्यांदा माझं चित्र कुणाला कळलंय," तो म्हणाला. त्याचे डोळे पाण्याने भरले होते. पण मी पुढच्या वर्षी त्याची सगळी चित्रं सरळ लावायचं कबूल केलं, तेव्हा तो ठराव मोडायला तयार झाला. पाटी मात्र राहू दे म्हणाला. अध्यक्षांना मी म्हटलं, टाळीविरुद्ध एवढं मुद्देसूद बोललात, आता टाळीच्या बाजूनेही तेवढंच मुद्देसूद बोलून दाखवा बघू. ते इतके खूश झाले की स्वतःलाच पटवून बसले. मागचे वीस जण त्यांच्याबरोबर फिरले. उरला शंकासुर.

तो जिन्यात बसला होता.

"ठराव मागे घे," मी म्हटलं.

"कारण?"

इथे माझं घोडं अडलं. कारण होतं, आणि चांगलं ठणठणीत होतं. पण सांगितलं असतं तर? 'माझी मावशी आज टाळ्या ऐकून चेलो ठेवायचा की विकायचा ते ठरवणार आहे' हे एकाला कळलं की पाच मिनिटांत हॉलला कळणार. मग सगळे वाजवणार, जीव तोडून वाजवणार, आणि ती सगळी दयेची टाळी. मऊ, बोटांची. मावशी ती झोपेतसुद्धा ओळखेल. त्यापेक्षा शांतता परवडली.

"कारण नाही. मी सांगते म्हणून," मी म्हटलं.

"हे कारण नाही."

"तू माणूस आहेस की खांब?"

"हेही नाही," तो म्हणाला, आणि वर मलाच विचारलं, "बिस्किट आहे का?"

मी त्याला काय काय म्हणाले ते इथे सांगत नाही. जिन्याच्या वर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी आजोबांनी कानावर हात ठेवले. पण शंकासुर ढिम्म हलला नाही. ठराव कायम राहिला.

संध्याकाळी हॉल भरला. मामा पहिल्या रांगेत, दुकानातला टाय लावून. रंगारी दारात, पाटीखाली, येणाऱ्याजाणाऱ्याकडे कौतुकाच्या आशेने बघत. शंकासुर तिसऱ्या रांगेच्या कडेला, पाय वाटेत पसरून. मी मावशीला हाताला धरून आणलं, सापळ्याच्या खुर्चीवर बसवलं, चेलो तिच्या गुडघ्यांत दिला. तिने कानातला कापूस काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. चष्म्याशिवाय तिला समोरचे लोक म्हणजे नुसता धूसर ढीग दिसतो. तिने त्या ढिगाकडे बघून मान लववली आणि वाजवायला लागली.

मी तिचा रियाज रोज दाराबाहेरून ऐकते, टॉवेल घेऊन, घाईत, वैतागून. समोर बसून मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. सुरुवातीला गज थोडा थरथरला. मामा खोकला. मग मध्ये एक संथ जागा येते, सूर खाली खाली उतरत जातो, अगदी तळाशी जाऊन थांबतो, आता संपलं असं वाटतं, आणि मग तो जिथून उतरला त्याच्याही वरच्या पायरीवर अलगद उभा राहतो. घरी त्या जागेला मी नेहमी ओरडते, 'मावशी, कॉलेजला उशीर होतोय.' त्या संध्याकाळी मला तिचा इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी बाईंना सांगावंसं वाटलं, ही माझी मावशी, माझी.

वाजवून झालं. तिने गज खाली आणला, मांडीवर ठेवला, आणि मान किंचित कलती करून ऐकायला लागली.

काही नाही.

लोक पाटी वाचून आलेले, शहाण्यासारखे बसलेले. मंडळाचे लोक पूर्ण विचार करत होते, आणि आमच्यात पूर्ण विचार करायला किती वेळ लागतो ते खिडकीला विचारा. अध्यक्षांचे ओठ हलत होते, त्यांचं 'म्हणजे असं पाहा' अजून आतच होतं. कुणाची खुर्चीसुद्धा वाजली नाही. त्या शांततेत मावशी, समोरचं काही न दिसणारी, वाट बघत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर आधी एक छोटं हसू होतं. मग ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

ठराव गेला चुलीत, मी ठरवलं. वाजवते, मग मंडळातून काढा. मी दोन्ही हात वर उचलले, आणि ते तिथेच राहिले. कारण मी वाजवली असती तर काय वाजलं असतं? नातेवाइकाची टाळी. सगळ्यांच्या आधी सुरू झालेली आणि एकटीच. ती ऐकून तर मावशीने तिथूनच चेलो बांधायला घेतला असता. मी हात हवेत धरून बसले. बाजूच्या बाईंना वाटलं मी आळस देतेय.

मावशीने हळूच वाकून गज पेटीत ठेवायला घेतला.

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

शंकासुर उभा राहिला होता. त्याचा चेहरा रागावल्यासारखा झाला होता. "मधला भाग परत वाजवा."

मावशी दचकली. तिने आवाजाच्या दिशेने बघितलं आणि शाळेतल्या मुलीसारखं विचारलं, "कुठे चुकलं?"

मला ते ऐकवेना. वाद्यवृंदात 'परत' म्हणतो तो संचालक, आणि म्हणतो ते कुणी चुकल्यावरच. तिला दुसरं 'परत' माहीतच नव्हतं.

"चुकलं नाही," शंकासुर म्हणाला. "तोच तर त्रास आहे. तो खाली उतरून थांबतो ना, तिथे मला काहीतरी झालं. पण मी दुपारपासून काही खाल्लेलं नाही. त्यामुळे ते कशाने झालं हे सांगता येत नाही. आधी बिस्किट खातो, मग परत वाजवा."

आणि तो खरंच बिस्किट खायला लागला. भरलेल्या हॉलमध्ये, उभ्याने, तीनशे डोळ्यांसमोर, टर्पेंटाइनचं बिस्किट. कुरुम कुरुम. मावशी गज हातात धरून त्याचं चावून होईपर्यंत थांबली. पाणीही प्यायला. मग म्हणाला, "हं."

तिने तो भाग परत वाजवला. या वेळी गज अजिबात थरथरला नाही. सूर खाली गेला, थांबला, वर आला.

"झालंच," शंकासुर म्हणाला. "पण कशावरून ते बिस्किटाने नाही? माझी खुर्ची खिडकीजवळ आहे, वाराही असेल. मी मागे जाऊन बसतो. परत."

तो मागे जाऊन बसला. मावशीने परत वाजवलं. तो डोळे मिटून बसला, परत. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, परत. तेवढ्यात अध्यक्षांना बोलायला जमलं, ते म्हणाले, "म्हणजे असं पाहा, मलाही तपासायला हवं," आणि त्यांनी बिस्किट मागितलं. एकटेपणा दिसणाऱ्या बाई उठून म्हणाल्या की त्या भरपेट जेवून आल्या होत्या आणि तरी त्यांना झालं, ही नोंद घ्यावी. रंगारी पाटीखाली उघड उघड रडत होता. पण तो तसाही रडतो, त्याला मी धरत नाही.

शेवटी पहिल्या रांगेतून मामा उठला. टायची गाठ सैल करून. "ताई," तो म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही. पण तो शेवटचा तुकडा, वर येतो तो, तेवढा एकदा..." आणि बसला. मावशीने तो तुकडा त्याच्याकडे तोंड करून वाजवला. मामा पायांकडे बघत बसला होता.

किती वेळ हे चाललं कोण जाणे. हॉलचा रखवालदार किल्ल्या वाजवत दारात आला आणि तोही उभा राहिला. टाळी एकही वाजली नाही. ठराव ठराव होता.

घरी जाताना मामाने गाडी आणली. चेलो मागच्या सीटवर आडवा, म्हणून मावशी आणि मी पुढे एकीच्या मांडीवर एक. म्हणजे मी तिच्या. मी विसाव्या वर्षी मावशीच्या मांडीवर बसले होते आणि घाईघाईने तिला ठराव समजावून सांगत होते: खुर्ची, तळघर, सापळा, गैरहजराचं हो. "लोक वाजवणार होते गं, पण पाटी होती. अगदी खरी वाजवली असती, मावशी, उशिरा येणारी. मी बघितलं, सगळ्यांचे हात मांडीवरच होते."

मावशी खिडकीबाहेर बघत होती. चष्मा अजून डबीतच होता, त्यामुळे काय बघत होती देव जाणे.

"परत म्हणाला तो," ती म्हणाली. "आणि चुकलं नव्हतं." मग पुन्हा म्हणाली, "चुकलं नव्हतं, ठमे."

मामाने गाडी हळू केली.

"मग?" मला राहवेना. "उद्या सकाळी ती मुलगी येणार आहे."

"तिला चहा पाज. चांगला कर, तुझ्या नेहमीच्यासारखा पाणचट नको." मावशीने माझं वजन एका मांडीवरून दुसरीवर घेतलं. "आणि त्या पोराला खात्री पटली का शेवटी?"

"त्याला? त्याला आयुष्यात पटायची नाही. जाताना मला म्हणाला, आज दिवसभर भाषणं ऐकून डोकं थकलं होतं, त्यामुळेही झालं असेल. उद्या सकाळी ताज्या डोक्याने, उपाशीपोटी आणि मग जेवून, असं दोनदा ऐकायला येतो. मी त्याला सांगितलं की आमचं घर म्हणजे धर्मशाळा नाही."

"येऊ दे त्याला," मावशी म्हणाली. "न्हाणीघराबाहेर एक खुर्ची टाकून ठेव. बिनहाताची असली तरी चालेल."